इल्वाशिवायचा मिडसमर

फोल्के दरवर्षी उशिरा यायचा, आणि धक्क्यावर ताटकळलेल्यांनीच ओशाळं हसायचं, असा रिवाज होता. मारितचा नवरा तोर्नी तर बोट दिसल्यापासून दोन्ही हात हलवत होता. जणू त्यानं खुणावलं नसतं तर बोट थेट फिनलंडलाच गेली असती.

"काय रे, जुनं सामान आलं का सगळं?" फोल्के बोटीतून ओरडला.

जुनं सामान म्हणजे तोर्नी, मारित आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी टूवा. तोर्नी खो खो हसला. वीस वर्षं तो फोल्केच्याच वास्तुरचनेच्या कचेरीत नोकरी करत होता. त्याच्या हसण्याला आता इतकं वळण लागलं होतं की विनोद संपायच्या आधीच ते सुरू व्हायचं.

मारितनं फोल्केकडे नीट पाहून घेतलं. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थानं कोळ्याची ठिगळं लावलेली विजार घातली होती. ठिगळं दुकानातूनच लावून आली होती. पायांत काही नाही, दाढी मुद्दाम चार दिवसांची. समुद्रावर उभा जन्म काढल्याचा आव, आणि बोट धक्क्याला लावताना दोनदा आपटली.

धक्क्यामागच्या कुरणावर कॅम्पिंगचं मैदान होतं. चाकांवरच्या घरांच्या रांगाच रांगा, प्रत्येकासमोर निळा-पिवळा झेंडा, सॉसेज भाजल्याचा धूर, आणि कर्ण्यातून चाललेलं कुठलंसं नाचाचं संगीत.

"बघा, डब्यातली माणसं!" फोल्के म्हणाला. "डब्यात जन्मतात, डब्यात जेवतात, डब्यातच जातात."

हा विनोद पंधरा वर्षं जुना होता. तोर्नी हसला. मारितही दरवर्षी थोडी हसायची. यंदा तिनं सुटकेस उचलायचं निमित्त केलं. टूवा मात्र मैदानाकडे बघत राहिली, बोट निम्म्या खाडीत गेली तरी मान वळवून.

यंदाचा मिडसमर, म्हणजे जूनमधला ऐन उन्हाळ्याचा सण, इल्वाशिवायचा पहिलाच. इल्वा म्हणजे फोल्केची बायको. होती, असं म्हणायला हवं. शरद ऋतूत घटस्फोट झाला आणि नाताळात तिच्या जागी पेट्रोनेला आली. घर, बेट, धक्का, सगळं इल्वाच्या आजोबांचं. जहाजांना खडकांतून वाट दाखवणारे ते दर्यावर्दी. त्यांनी एकेक फळी स्वतः ठोकून ते घर उभं केलं होतं. फोल्केनं त्याची समुद्राकडची भिंत पाडून तिथे आडवी तिडवी काच बसवली आणि त्याचे फोटो मासिकात छापून आणले. घटस्फोटात इल्वा म्हणाली होती, "घे ते बेट, पण मला मोकळं कर." फोल्के सगळ्यांना सांगायचा, "तिला बेटाचा कंटाळाच आला होता." आणि सगळे मान डोलवायचे. मारितसुद्धा. मनातल्या मनात ती त्याला खोटारडा म्हणायची, अगदी स्पष्ट, ठासून. मान मात्र डोलवायची.

बेटावर हाकान आणि गुनिल्ला हे तिसरं जोडपं आधीच पोचलं होतं. हाकान दातांचा डॉक्टर आणि गुनिल्ला त्याची बायको. त्यापलीकडे तिनं आयुष्यात काही केलं असल्यास मारितला वीस वर्षांत कळलं नव्हतं. काचेच्या भिंतीसमोर पेट्रोनेला पांढऱ्या तागाच्या झग्यात उभी होती. हातात वेताची टोपली.

"फोन," ती हळुवार म्हणाली. "आज आपण फक्त एकमेकांसाठी आहोत."

सगळ्यांनी मुकाट्यानं फोन टोपलीत टाकले. देवळात दान टाकावं तसा तोर्नीनं आपला फोन अलगद ठेवला.

ज्याच्याभोवती नाचायचं तो सणाचा खांब अंगणात आडवा पडला होता. बर्चच्या डहाळ्या गुंडाळून झाल्या होत्या, फुलांच्या दोन कड्या टांगायच्या बाकी होत्या. एरवी हे सगळं इल्वा करून घ्यायची. ती शाळेत संगीत शिकवायची. ओरडत, हसत, एकाच्या हातात सुतळी, दुसऱ्याच्या हातात कात्री देत तिनं तासाभरात खांब उभा केलेला असायचा आणि ॲकॉर्डियन गळ्यात अडकवलेलं असायचं. पेट्रोनेलाचं तसं नव्हतं. माणसं शहाणी झाल्याशिवाय तिच्याकडे खांब उभा राहणार नव्हता.

"उचलण्याआधी आपण प्रत्येकानं एक पान घ्यायचं," ती म्हणाली, "आणि आपण काय सोडून देतोय ते म्हणून पान पाण्यात टाकायचं."

मारितनं टूवाकडे पाहिलं. टूवा जमिनीकडे पाहत होती.

गुनिल्लानं साखर सोडली. हाकानला बोलताना एकदम भरून आलं. त्यानं वडिलांवरचा राग सोडला, आणि गुनिल्लानं त्याची पाठ थोपटली. तोर्नी बराच वेळ पान चुरगाळत उभा होता. शेवटी म्हणाला, "मी ताण सोडतो." आणि लगेच फोल्केकडे बघितलं, कामाचा ताण असं तर ऐकू गेलं नाही ना म्हणून. "म्हणजे, घरचा," त्यानं सावरून घेतलं.

मग फोल्के पुढे झाला. डोळे मिटले. ठिगळांची विजार वाऱ्यावर फडफडली.

"मी अपराधीपण सोडतो," तो म्हणाला.

पेट्रोनेलानं त्याला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो आपलं पान बघत उभा राहिला, आणि ते पान काही वाहून जाईना, धक्क्याच्या खुंटालाच चिकटून राहिलं. मारितला वाटलं, निर्लज्जपणालाही काही किमान कष्ट लागत असतील अशी आपली समजूत होती. या माणसाला तेही पडत नाहीत.

"टूवा?" पेट्रोनेलानं विचारलं.

"मी काही सोडणार नाही," टूवा म्हणाली.

"आणि मारित, तू?"

"बटाटे उतू जातायत," मारित म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बटाटे अजून धुतलेही नव्हते. तिनं ते धुतले, शेपूच्या काड्यांसह पातेल्यात टाकले आणि गॅसकडे बघत उभी राहिली. बाहेर पुरुषांचं हुश्श हुश्श ऐकू येत होतं. खांब एकदाचा उभा राहिला. पण जरा कललेलाच. पेट्रोनेला म्हणाली की तसाच छान आहे, जिवंत वाटतो.

मग घोटाळा लक्षात आला. केकवर लावायच्या स्ट्रॉबेरी कुठेत? त्या आणायचं काम तोर्नीकडे होतं. त्यानं आणल्याही होत्या, खोकंभर. पण पलीकडच्या धक्क्यावर हात हलवण्याच्या नादात खोकं तिथेच राहिलं.

"वा रे पठ्ठ्या!" फोल्के म्हणाला. "आपल्या कचेरीचे नकाशे काढतोस तेव्हा दारं तरी लक्षात ठेवतोस ना रे?"

हाकान हसला, गुनिल्ला हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोर्नी हसला. मारितला त्या हसण्याची शिसारी आली. माणूस घाबरून हसतो तेव्हा निदान कीव येते. हा सवयीनं हसत होता.

"मी आणते," ती म्हणाली. "वल्हवत जाते. पाव तासाची तर खाडी."

"मी पण येते, आई," टूवा पटकन उठली.

"नको. दोघी गेलो तर बरं नाही दिसत. बाबा एकटा पडेल."

टूवानं तिच्याकडे असं पाहिलं की मारितनं नजर वळवली. सकाळपासून आपण इतरांकडे ज्या नजरेनं पाहत होतो, तीच ही नजर, असं क्षणभर तिला वाटून गेलं.

पलीकडे धक्क्यावर खोकं होतं, रिकामं. तळाशी हिरवी देठं. मारित मैदानाच्या दिशेनं निघाली. तिथे मधोमध खांब उभा होता आणि त्याभोवती शंभरेक माणसं रिवाजाप्रमाणे बेडूकउड्या मारत गोल फिरत होती. लहान पोरं, घामाघूम बाप, जॉगिंगच्या कपड्यांतल्या आज्या. कुणाचा ताल कुणाला जुळत नव्हता. आणि खांबाशी, लाकडाच्या खोक्यावर बसून, डोक्यावर डेझीचा वाकडा मुकुट घालून, इल्वा ॲकॉर्डियन वाजवत होती.

मारितला वाटलं, मागच्या मागे वळावं. पण इल्वानं तिला पाहिलं होतं. तिनं गाणं पुरं केलं, पोरांना "जा, पाणी प्या," म्हणाली, आणि वाद्य गळ्यात तसंच ठेवून समोर आली.

"अगं, तुझे बूट भिजलेत," ती म्हणाली.

"होडीत पाणी होतं."

"ती गळतेच. मधल्या फळीपाशी चिंधी कोंबावी लागते."

दोघी उभ्या राहिल्या. इल्वा उन्हानं रापली होती, थोडी जाड झाली होती. मारितनं तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधलं. सापडलं असतं तर तिला बोलायला सोपं गेलं असतं.

"आम्हाला तुझी फार आठवण येते," मारित म्हणाली.

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"छे गं. आली असती तर फोन आला असता." यात राग नव्हता. उद्या पाऊस येईल असं म्हणावं तसं ती म्हणाली.

"मी केला होता. नोव्हेंबरमध्ये."

"हो. एकदा."

"मला वाटलं, तुला एकटीला राहायचं असेल."

"सगळ्यांनाच तसं वाटलं. एकाच वेळी." इल्वा हसली. "टूवाचं विचारत नाही, परवाच बोललो आम्ही. गणितात पास झाली म्हणून नाचत होती."

मारितला आधी कळलंच नाही. "टूवाशी? तू?"

"दर रविवारी. बाप्तिस्म्यापासून मी तिची धर्ममाता आहे, मारित. नवऱ्यापासून घेतला तो घटस्फोट. पोरीपासून नाही."

"तिनं मला कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

मागून एक दांडगा माणूस आला. दंडावर नांगर गोंदलेला, हातात चिमटा. त्याचं नाव रोलांड, इल्वाच्या शेजारच्या चाकांवरच्या घरातला. मारितनं धक्क्यावरच्या खोक्याची चौकशी केली तेव्हा त्याला हसू आवरेना. "ती तुमची होती होय? पोरांनी फडशा पाडला. बेवारस वाटली हो. थांबा." आणि त्यानं आपल्या घरातून दोन डबे भरून स्ट्रॉबेरी आणून दिल्या. परत काही घ्यायला तयार नव्हता.

डबे हातात धरून मारित उभी राहिली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "इल्वा, मी इथेच थांबू का?"

इल्वानं ॲकॉर्डियनचा पट्टा नीट केला.

"नको," ती म्हणाली. "तू तिकडच्या टेबलावरून उठून आलेली नाहीस. स्ट्रॉबेरी न्यायला आलीयस."

आणि ती पोरांकडे वळली.

परतताना मारितनं वल्ही इतक्या जोरात मारली की तळव्यांना फोड आले. फोल्के, पेट्रोनेला, दातांचा डॉक्टर, आपला नवरा, एकेकाचं नाव घेऊन ती तुच्छ लेखत गेली. वर्षानुवर्षं तिनं हेच केलं होतं, जेवणाच्या टेबलावर, तोंड बंद ठेवून, आणि त्यामुळे आपण त्यांच्यातल्या नाही अशी तिची समजूत झाली होती. पण बघणाऱ्याला काय दिसत असणार? टेबल, त्याभोवती सात माणसं, त्यातली एक मारित. चेहरा सगळ्यांसारखाच.

ती पोचली तेव्हा जेवण सुरू झालं होतं. मुरवलेले हेरिंग मासे, आंबट साय, बटाटे, आणि स्नॅप्स या कडक दारूची दुसरी फेरी. फोल्के उभा राहून, पेला छातीशी धरून गात होता. शब्द चुकत होता आणि चुकलेला शब्द जास्त मोठ्यानं म्हणत होता.

"आली!" तो म्हणाला. "डब्यातल्यांनी सोडलं तुला? मला वाटलं, एखाद्या डब्यात भरून झाकण लावलं!"

मारितनं स्ट्रॉबेरी टेबलावर ठेवल्या.

"इल्वा भेटली," ती म्हणाली.

हाकाननं काटा ठेवला.

"अच्छा," पेट्रोनेला म्हणाली. "तिच्याभोवती कशी ऊर्जा होती?"

"ॲकॉर्डियन होतं," मारित म्हणाली.

फोल्के हळूहळू खाली बसला. "काय म्हणत होती माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? काहीतरी म्हणालीच असेल."

"तुझं नावच निघालं नाही."

फोल्केच्या तोंडाचा रंग बदलला. शिव्याशाप त्यानं आनंदानं ऐकून घेतले असते, चार जणांना सांगितलेही असते. हे त्याला गिळता येईना. मग त्यानं स्वतःला सावरलं, ओठ वाकडा केला.

"त्या डब्यांत बसलीय? बिचारी. आजोबांचं बेट ते सॉसेजचा धूर, बरीच प्रगती म्हणायची!"

आणि तोर्नी हसला. मोठ्यानं नाही, नुसता नाकातून, सवयीपुरता.

"तोर्नी," मारित म्हणाली, "यात हसण्यासारखं काय होतं?"

"अगं, मी आपलं सहज..."

"नाही, सांग ना. मलाही हसायचंय."

तोर्नी ताटाकडे बघू लागला.

"मारित, आज सण आहे," गुनिल्ला म्हणाली. वीस वर्षांत तिनं मारितला उद्देशून काढलेलं हे सर्वांत ठाम वाक्य होतं.

"म्हणूनच. वीस सण मी या माणसाचे विनोद ऐकले. एकसुद्धा चांगला नव्हता, फोल्के. एकसुद्धा. आणि त्या बाईच्या घरात बसून, तिच्या आजोबांच्या टेबलावर, तू तिला बिचारी म्हणतोस, आणि आम्ही बटाटे खातो." तिचा आवाज कापत होता, आणि कापतोय याचा तिला संताप आला. "टूवा, जॅकेट घे."

टूवा केव्हाच उठली होती. जॅकेट अंगात होतं आणि टोपलीतून दोघींचे फोनही तिनं काढले होते.

"ती होडी माझी आहे," फोल्के म्हणाला. पोरकट बोललो हे त्याच्या लक्षात आलं, पण शब्द सुटले होते.

"फळीच्या खाली इल्वाच्या आजोबांचं नाव कोरलंय," टूवा म्हणाली. "उलटी करून बघ कधीतरी."

"तोर्नी, येतोस?" मारितनं विचारलं.

तोर्नीच्या काट्यावर बटाटा होता. त्यानं फोल्केकडे पाहिलं, मग मारितकडे, मग बटाट्याकडे. "जेवण तरी होऊ दे," तो पुटपुटला.

खाडीत टूवानं वल्ही घेतली. मारित चिंधी दाबून बसली होती.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"इल्वाचं नाव निघालं की तू भांडी घासायला उठायचीस," टूवा म्हणाली. "मग मी सांगायचं सोडून दिलं."

मारितनं चिंधी आणखी घट्ट दाबली.

काठाला लागताच टूवा धावत सुटली आणि इल्वाच्या गळ्यात पडली, ॲकॉर्डियनसकट. मारित मागे बाकावर बसली. इल्वानं तिच्याकडे एकदा पाहिलं, मान किंचित हलवली आणि पुढचं गाणं धरलं. ते 'ये' होतं की 'बस' होतं, मारितला ठरवता आलं नाही. ती बसली.

रोलांडनं कागदी ताटलीत सॉसेज आणि मोहरी आणून दिली. "तुम्ही तिकडच्या ना? काचेतल्या?"

"काय?"

"आम्ही त्यांना काचेतली माणसं म्हणतो. ऑगस्टमध्ये अंधार पडायला लागला ना, की दिवे लावल्यावर सगळं दिसतं इकडून. तो लांब पायांचा माणूस उभा राहून भाषणं देतो. पोरं खुर्च्या टाकून बघत बसतात. आवाज नसतो, तरी मजा येते."

"आवाज असता तर आली नसती," मारित म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा खरंखुरं हसली.

थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. तोर्नी होता, कुजबुजत. टोपलीतून चोरून फोन काढला असावा.

"फोल्के विचारतोय, तू रागावलीस का?"

"त्याला सांग, नाही. ज्याची किंमत वाटते त्याच्यावर माणूस रागावतो."

"असं कसं सांगू मी त्याला?"

"मग नको सांगूस."

त्याच्या पाठीमागे कुणीतरी गात होतं.

"आणि माझ्यावर?"

मारितनं खाडीपलीकडे पाहिलं. कललेला खांब इथून काडीएवढा दिसत होता.

"तू इकडे ये, तोर्नी."

"कसा येऊ? होडी तुम्ही नेलीत. मोटरबोट चालवायला कुणी शुद्धीवर नाही."

"मग पोहत ये."

तो हसला. मग ती हसत नाहीये हे त्याच्या ध्यानात आलं.

"पाणी गार आहे गं," तो म्हणाला.

"आहेच," मारित म्हणाली आणि फोन ठेवला.

तो पोहत आला नाही. मायलेकी रोलांडनं दिलेल्या तंबूत झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इल्वानं न विचारता तिघींची कॉफी केली. कप मारितपुढे ठेवत म्हणाली, "आता बस. आता तू उठून आलीयस."

दुपारी हाकाननं तोर्नीला धक्क्यावर आणून सोडलं. तो सुटकेस घेऊन गाडीपर्यंत आला. पुढच्या सीटवर टूवा बसली होती, म्हणून मागे बसला. मैदान मागे पडलं, फाटक आलं, मुख्य रस्ता लागला.

"तुम्ही गेल्यावर फोल्केनं तुझ्यावर एक विनोद केला," तोर्नी मागून म्हणाला.

मारितनं आरशात पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"आणि मी हसलो."

"माहीत आहे," मारित म्हणाली, आणि ट्रकला मागे टाकायला तिनं गाडीचा वेग वाढवला.